नासक्या नारळाचं वर्ष

सकाळी सव्वाआठला इंद्रभानने ट्रॅक्टर सुरू केला आणि आपल्या मळणीच्या मशीनवर नारळ फोडला नाही.

दुसरबीडच्या शिवारात, उकंडरावांच्या शेतात कापलेल्या सोयाबीनच्या पेंढ्यांची सुडी ताडपत्रीखाली उभी होती. हंगामातली ही पहिली मळणी. पहिल्या मळणीला थ्रेशरच्या तोंडासमोर नारळ फुटतो, मशीनला हळदकुंकू लागतं, खोबऱ्याचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर येतो आणि मगच बाया कामाला उठतात. आज नारळ नव्हता, म्हणून बाया बसून राहिल्या.

टोळीची पुढारी मनकर्णाबाई. तिने तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली.

"काऊन रे इंद्रभान, नारळ महाग झाला का? का बायकोनं चटणीत वाटला?"

बाया खुदखुदल्या.

"यंदा नाही फोडत, मावशी. तोंडावरचा पत्रा बसवला हाय, बोल्ट पाहून घेतले. या कामाले."

"पत्र्यानं काय होते? मागच्या साली नारळ नासका निघाला, तर सुचिताचा हात गेला. यंदा तर नारळच नाही. यंदा काय मुंडकं देऊ मशीनले?"

हसू थांबलं. सुचिता तिथेच, पोत्यांच्या ढिगाजवळ बसली होती. उजवा हात मनगटापासून नव्हता. डाव्या हाताने आणि कोपराने ती पोत्याचं तोंड धरायची आणि तिचा नवरा राजकुमार दाभणाने ते शिवायचा. हात गेल्यावर टोळीत तिला हेच काम उरलं होतं.

मागच्या हंगामात नारळ नासका निघाला, हे खरं होतं. तासाभरात सुचिताचा हात मशीनने ओढला, हेही खरं होतं. गावाने दोन्ही गोष्टींची गाठ मारली आणि इंद्रभानने ती सुटू दिली नाही. आदल्या संध्याकाळी पेंढ्या मोठ्या जाव्यात, काम लवकर उरकावं म्हणून त्यानेच हात आत ओढला जाऊ नये म्हणून मशीनच्या तोंडावर बसवलेला पत्रा पाना लावून काढला होता. लोक सुचिताला घेऊन दवाखान्याकडे पळाले तेव्हा त्याने तो परत बसवला. पोलीस आले. पत्रा जागेवर होता. 'नारळच नासका निघाला हो साहेब,' असं सांगणारी सगळीच होती. इंद्रभान खाली मान घालून उभा राहिला, आणि लोकांना वाटलं, बिचारा हळहळतो आहे.

उन्हाळ्यात तो तिच्या दारी गेला. राजकुमार कामावर होता. इंद्रभानच्या आधी सुचिताच बोलली.

"पत्रा नव्हता. मले माहीत हाय, भाऊ. तोंडापाशी मीच तर उभी होती."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मसणात आन् हे जेलात. त्याईचा राग तुम्हाले माहीत नाही. दवाखान्यात लय शिव्या देल्ल्या म्या तुम्हाले. मंग एका दिवशी देणं थांबवलं. माह्या देवानं मले माफ केलं, तर मी कोण तुमचं धरून ठेवणारी? जा, माफ केलं. बाकीचं त्याच्यापाशी बोला."

सुचिताचं माहेर मलकापूरचं, ख्रिस्ती. सासरी तिच्या प्रार्थनेला कोणी अडवत नव्हतं, कोणी सोबतही येत नव्हतं. इंद्रभान त्या दिवशी घरी गेला तो जेवला नाही. पुढे तो दर रविवारी सुलतानपूरला जाऊ लागला. तिथे भागवत टेलरच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन भिंतीला सरकवून प्रार्थना भरायची. पावसाळ्यात त्याने बाप्तिस्मा घेतला. छातीवरचा धोंडा उतरला असं त्याला वाटलं, आणि त्याच आठवड्यात दुसरा येऊन बसला. प्रार्थनेला डोळे मिटले की एकच गोष्ट समोर यायची: तुझ्या माणसांना सांग.

"मी मलकापूरकडं जातो, भाऊ," तो भागवतला म्हणाला. "तिकडं खेडोपाडी सांगत फिरतो."

भागवतने दातांनी दोरा तोडला. "तिकडं तुले कोणी वळखत नाही. तिथं सांगणं सोपं. पण तुले तिथं धाडलं काय?"

नाही, हे इंद्रभानला ठाऊक होतं. येशूने मला क्षमा केली, असं गावात सांगायचं तर पहिला प्रश्न येणार होता: कशाची? आणि उत्तर दिलं की सुचिताचं वर्षभराचं मौन राजकुमारसमोर उघडं पडणार होतं. म्हणून मळणीच्या आदल्या दिवशी त्याने तिला विचारलं होतं.

"सांगा, असं मले म्हणायले लावू नका," ती म्हणाली. "सांगू नका, असंबी मी म्हणत नाही."

आज त्याने मधला मार्ग काढला होता. नारळ फोडायचा नाही, बोलायचंही नाही. नारळ फोडला असता तर वर्षभराचं खोटं त्यानेच प्रसाद म्हणून वाटल्यासारखं झालं असतं.

उकंडराव आभाळाकडे पाहत आले. "अबे, भरून येऊन राह्यलं! पाणी पडलं तं सुडीत कोंब फुटतीन. मी फोडतो नारळ. घरून आणाले लावतो."

"नारळाचं नाही ते, बाबा," मनकर्णाबाई म्हणाली. "हा किरिस्ताव झाला. सुलतानपूरले जाते. आता याले आपला देव नाही चालत, आन् हात मात्र आपले चालते."

तेवढ्यात सुचिता उठली. तिने सुडीतून डाव्या हाताने एक पेंढी ओढली, काखेत धरली आणि चालत्या मशीनच्या तोंडाकडे निघाली.

"ए! कुठी चालली?" राजकुमार ओरडला.

"कोणी टाकत नाही, तं मी टाकते."

इंद्रभानने झेप घेऊन ट्रॅक्टर बंद केला. पट्टा फिरत फिरत थांबला. आता त्याचं बोलणं झाकायला शेतात आवाज उरला नव्हता.

"नारळानं नाही झालं ते," तो म्हणाला. "मागच्या साली पत्रा म्या काढला होता. आदल्या दिवशी. मंग तुम्ही दवाखान्यात गेले तवा परत बसवला. नारळाचा काही दोष नव्हता. माहा होता."

मनकर्णाबाई तोंडातली तंबाखू थुंकायची विसरली.

"हिनं मले माफ केलं. येशूनं केलं. म्हणून मी उभा राहून बोलून राह्यलो. ज्यानं माह्यासारख्याले..."

"थांब." राजकुमारच्या हातात दाभण तसंच होतं. त्याने इंद्रभानकडे नाही, बायकोकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

पेंढी अजून तिच्या काखेत होती. "हाव."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

राजकुमारने दाभण पोत्यात खोचलं. इंद्रभानच्या अगदी समोर येऊन तो हळू आवाजात बोलला. मागच्या बायांनाही ते ऐकू गेलं.

"तुले हिनं माफ केलं. तुह्या देवानं केलं. हिची वेणी मी घालतो रोज. मले विचारलं कोणी?"

इंद्रभानला सांगायचं होतं त्यातलं अर्ध्याहून जास्त तोंडातच राहिलं. राजकुमार बांधाच्या दिशेने चालत गेला. सुचिता त्याच्यामागे गेली नाही. ती पोत्यांजवळ जाऊन बसली.

दुपारी उकंडरावांनी दुसऱ्याचा थ्रेशर बोलावला. त्यावर नारळ फुटला, तो चांगला निघाला. पाऊस पडला नाही. संध्याकाळी गावात दोन मतं होती: इंद्रभान वेडा झाला, आणि त्याला धर्म बदलायचे पैसे मिळाले. मनकर्णाबाई दोन्हीकडे गेली नाही. "माणूस फुकट कायले फाशी घेईन?" एवढंच ती म्हणाली.

रविवारी सुचिता सुलतानपूरला आली, एकटी. केस मोकळे होते, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. भागवतने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की राजकुमार शेतातच झोपतो, जेवायला येतो, बोलत नाही.

मंगळवारी सकाळी राजकुमार इंद्रभानच्या गोठ्यात आला. थ्रेशर तिथेच उभा होता. त्याने पत्र्यावरून हात फिरवला, प्रत्येक बोल्ट बोटांनी चाचपला.

"कोणत्या पान्यानं काढला होता?"

इंद्रभानने खोक्यातून पाना काढून दिला. राजकुमारने तो हातात तोलून पाहिला, कमरेला खोचला आणि निघून गेला.

शनिवार दुपारपर्यंत राजकुमारने पोलिसांत तक्रार केलेली नाही. पाना परत आलेला नाही.