धूमकेतू इरिआर्ते

डॉक्टर इरिआर्ते यांनी आयुष्यभर एल्कीच्या खोऱ्यातले दात उपटले आणि निवृत्त झाल्यावर आकाशाला हात घातला. आकाशाला ओरडता येत नाही, म्हणून त्यांचं फावलं. समोरच्या डोंगरांवर जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी आहेत. आमच्या टेकडीवर डॉक्टरांच्या अध्यक्षतेखालचा क्लब आणि क्लबची एकुलती एक दुर्बीण. ती रोज रात्री आपोआप त्याच त्या दीर्घिकांकडे वळते आणि त्यांचे फोटो काढते. सकाळी ते जुन्या फोटोंशी ताडून बघायचं काम माझं, कारण मी भौतिकशास्त्र शिकले आहे आणि डॉक्टरांना सकाळी झोप येते.

गुरुवारी मात्र ते लवकर आले. एका फोटोच्या कोपऱ्यात फिकट, गोल डाग होता.

"धूमकेतू!" डॉक्टर म्हणाले. "मंगळवार, बुधवार, दोन्ही रात्रींच्या फोटोंत आहे."

"दोन्ही रात्री त्याच जागी आहे, डॉक्टर. धूमकेतू सरकतो. न सरकणाऱ्याला दिव्याचा खांब म्हणतात."

"लांब असेल. लांबचं हळू सरकतं."

"खालच्या कोपऱ्यात तो ठसठशीत तारा आहे ना, त्याचाच उजेड आतल्या काचांवर आपटून हा डाग पडलाय, सोमवारी कॅमेरा काढून परत बसवल्यापासून. दुर्बीण जराशी हलवून बघू या."

"पोरी, तुला दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही का गं?"

दुपारपर्यंत 'धूमकेतू इरिआर्ते' असा फलक रंगवून झाला. धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव मिळतं, एवढं एकच खगोलशास्त्र डॉक्टरांना पक्कं पाठ होतं. मूल जन्मायच्या आधीच त्यांनी बारशाची आमंत्रणं धाडली.

त्याच फोटोत मला दुसरं काहीतरी दिसलं होतं. मधल्या दीर्घिकेच्या कडेला एक टोकदार ठिपका होता. मंगळवारी नव्हता, बुधवारी होता. वाटेत आलेला एखादा लघुग्रह असेल तर आज तो तिथे नसेल. आजही तिथेच असेल तर तो सुपरनोव्हा, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेला एक अख्खा तारा. मला आजचा एक फोटो हवा होता, आणि आजच हवा होता. समोरच्या डोंगरांवरची यंत्रं उद्यापर्यंत थांबणार नव्हती; त्यांनी आधी कळवलं की शोध त्यांचा.

"सुपरनोव्हाला नाव काय देतात?" मी हे सांगितल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"साल आणि काही अक्षरं."

"माणसाचं नाव नाही?"

"नाही. नोंदीत शोधणाऱ्याचं नाव असतं, तेवढंच."

"मग जाऊ दे. आज घुमट उघडायचा नाही, नाहीतर तू दुर्बीण हलवत बसशील. पाहुण्यांना छापलेलं चित्र दाखवू. दुर्बिणीला आज विश्रांती." घुमटाची किल्ली आणि नवे शोध जागतिक नोंदवहीला कळवण्याचा पासवर्ड, दोन्ही त्यांच्याकडेच असायचं.

संध्याकाळी नगराध्यक्ष फ्रेसिआबाई आल्या. करंजीसारखे एम्पानादा आले, पपईचा रस आला, बँडवाले दोघे आले. डॉक्टरांनी माझी ओळख करून दिली, "ही रायेन. हिलाही एक ठिपका सापडलाय म्हणे! ठिपका तिचा, धूमकेतू माझा." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने ते स्वतःच हसले.

मी बाईंच्या कानाशी गेले. "मॅडम, छापलेल्या चित्रावर काय समाधान मानता? अंधार पडलाय, आभाळ स्वच्छ आहे. खराखुरा बघा की."

"हो तर! डॉक्टर, उघडा तुमचं ते झाकण!"

आता नाही कसं म्हणणार? किल्ली निघाली. मी दुर्बीण रोजच्या जागी वळवली, फोटो घेतला. पडद्यावर दीर्घिका आली. तिच्या कडेला ठिपका होता, तिथेच, तसाच. मी तो फोटो लगेच जपून ठेवला. कोपऱ्यात डागही होता. टाळ्या त्याला मिळाल्या.

"हे एवढंसं?" फ्रेसिआबाईंनी डोळे बारीक केले. "आणि कोपऱ्यात का बसलाय? मधे घ्या ना."

"पोरी, मधे घे," डॉक्टरांनी हुकूम सोडला.

मी हुकूम पाळला. दुसरा फोटो आला. तारे, दीर्घिका आणि तिचा ठिपका, सगळे मिळून खाली डावीकडे सरकले होते. डाग तेवढा उलट दिशेने पळून पडद्याबाहेर गेला होता.

"लाजला वाटतं," बँडवाला म्हणाला.

"परत आण," डॉक्टर कुजबुजले.

मी दुर्बीण पूर्वीच्या जागी आणली, तसा डाग परत आला. पुन्हा मधे घ्यायला गेले, पुन्हा पळाला. मला हे रात्रभर करता आलं असतं, पण फ्रेसिआबाईंनी एम्पानादा खाली ठेवला. "म्हणजे आकाशात काहीच नाही? यंत्राचंच काहीतरी?"

"ठिपका आहे," मी म्हणाले. "तो ताऱ्यांबरोबरच सरकला. कालही तिथेच होता."

डॉक्टर ताठ बसले. दातदुखीचा पेशंट दारात आल्यावर बसत असतील तसे. "दुर्बीण क्लबची आहे. कळवताना पहिलं नाव अध्यक्षांचं."

"अहो डॉक्टर," फ्रेसिआबाई म्हणाल्या, "ठिपका पोरीचा, असं मघाशी तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात. पासवर्ड सांगा तिला."

त्यांनी सांगितला. तो त्यांच्याच आडनावाचा होता. मी तिथेच बसून नोंद पाठवली. शोधणाऱ्याच्या जागी एकच नाव लिहिलं.

पाहुणे उतरून गेले. डॉक्टर फलकाखाली बसून राहिले होते. मला हाक मारून म्हणाले, "ती जी अक्षरं देतात... त्यांत 'इ' येईल का?"

"येऊ शकेल," मी म्हणाले. "पण तो तुमचा नसेल."