मी अस्वलिणीचा आरसा

मी आरसा बोलतोय. भांग पाडायला आला असाल तर दुसरीकडे बघा. माझ्या कडेचा पारा उडालाय आणि मधोमध साबणाचे डाग आहेत. पण माझ्यासमोर जेवढी तोंडं वेडीवाकडी झाली, तेवढी एखाद्या दातांच्या डॉक्टरनेही पाहिली नसतील. त्याचा मला गर्व आहे. आणि आज मला एक गोष्ट कबूलही करायची आहे.

काचेच्या कारखान्यात मला वहीच्या पानाएवढं कापलं, मागे पुठ्ठा चिकटवला आणि माझ्यासारख्याच तीस भावंडांबरोबर एका स्टुडिओत धाडून दिलं. तिथे कार्टूनपट हाताने काढत. प्रत्येक टेबलावर खालून उजेड येणारी तिरकी काच, पेन्सिली, खोडरबर आणि एक आरसा. घाबरलेला ससा काढायचा तर चित्रकार आधी स्वतः घाबरून आरशात बघायचा आणि मग ते कागदावर उतरवायचा. चांगली दाढीमिशीवाली माणसं दिवसभर जिभा काढत, डोळे फिरवत बसायची आणि त्यालाच काम म्हणायची.

माझ्या टेबलावरच्या चित्रकाराला सगळे मास्तर म्हणत. ते दाराकडे पाठ करून बसत. त्यांच्याकडे त्या वेळी एका अस्वलिणीचं काम होतं. या अस्वलिणीने माणसाची एक मुलगी जंगलात वाढवलेली असते आणि शेवटी ती तिला पुलावरून तिच्या माणसांकडे पाठवते. मुलगी चालू लागते, अस्वलीण अलीकडे उभी राहते आणि पडद्यावर फक्त तिचा चेहरा दिसतो. चार सेकंदांचा चेहरा. त्यासाठी अठ्ठेचाळीस चित्रं लागायची.

तो चेहरा मास्तरांना काही केल्या जमेना. रडवेला केला की अस्वलीण बिचारी वाटे, हसरा केला की मुलीची ब्याद टळल्यासारखी दिसे. आठ दिवस त्यांनी माझ्यासमोर तोंडाचे हाल केले. टोपली फाडलेल्या कागदांनी भरली.

नवव्या दिवशी दुपारी त्यांची बायको दारात आली. तिला ऑपरेशनसाठी इस्पितळात भरती व्हायचं होतं आणि पाच वर्षांच्या लेकीला ती त्यांच्याकडे सोडायला आली होती. "जा, बाबांजवळ बस," ती म्हणाली. लेक मास्तरांच्या दिशेने चालू लागली. लेकीची पाठ आईकडे होती, मास्तरांचीही होती. त्या वेळचा आईचा चेहरा माझ्या कोपऱ्यात उमटला आणि माझ्यातून तो मास्तरांनी पाहिला. आठ दिवस शोधत होते, तोच तो चेहरा.

त्यांनी वळायला हवं होतं. त्यांनी पेन्सिल उचलली. ती बाई दारात थोडा वेळ थांबली, मग निघून गेली. ऑपरेशन बिघडलं आणि ती परत आलीच नाही.

चित्रपट खूप चालला. त्या चार सेकंदांना थिएटरातली माणसं डोळे पुसत असत म्हणे. मास्तरांना कुणी विचारलं की ते सांगत, आरशात बघून काढला. चेहरा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. मीही मूग गिळून बसलो. अर्थात मला दुसरं काय करता येणार होतं? पण गुन्हा दोघांनी मिळून केला होता, हे मी विसरलो नाही.

पुढे हाताने काढायचं काम बंद झालं, टेबलं उचलली गेली आणि मास्तरांनी मला घरी नेऊन बेसिनवर टांगलं. पुढची कितीतरी वर्षं मी एकाच माणसाची दाढी पाहिली. इतक्या वर्षांत ते माझ्याकडे बघत ते फक्त गालाकडे. डोळ्यांत डोळे घालायचं त्यांनी टाळलं.

लेक मोठी झाली आणि तीही याच धंद्यात शिरली, पण संगणकावर. मग बातमी आली की तो जुना चित्रपट नव्याने करायचा आहे. मुलीच्या कामाला खरीखुरी मुलगी, पूल खरा, नदी खरी आणि अस्वलीण संगणकातली, केस न् केस खरा वाटेल अशी. अस्वलिणीचं काम लेकीला मिळालं. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पूर्ण झालेली गोष्ट आहे ती. पुन्हा काय करायचंय तिचं?" एवढं म्हणून त्यांनी लेकीचा फोन घेणं बंद केलं.

दोन आठवड्यांपूर्वी ती घरी आली. त्यांनी न बोलता कपाटाकडे बोट दाखवलं. तिने जुन्या चित्रांचा खोका घेतला आणि जाता जाता बेसिनवरून मलाही काढून पिशवीत घातलं.

तिच्या टेबलावर तीन पडदे होते. त्यांच्या पायाशी मी. ती अठ्ठेचाळीस चित्रं समोर ठेवून माझ्यासमोर तोंड करी आणि तेच अस्वलिणीला करायला लावी. कागदावर जे काळीज हलवत होतं, ते खऱ्या केसाळ तोंडावर दाढदुखीसारखं दिसू लागलं. दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता, पण घाईत होता. खऱ्या अस्वलाला भुवया नसतात, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी तीन वाजता शेवटचं बघू, नाहीतर अस्वलीण पाठमोरी दाखवू, प्रेक्षक समजून घेतील, असं तो सांगून गेला.

त्या बाईचा तो चेहरा या जगात आता त्या चार सेकंदांपुरताच उरला होता. नव्या मुलांनी जुना चित्रपट कशाला पाहिला असता? आणि लेकीला तर माहीतच नव्हतं, की ती कुणाला पाठमोरं करायला निघाली आहे.

शुक्रवारी एक वाजता दार उघडलं. मास्तर आत आले. वाढलेली दाढी, हातात टोपी.

"आरसा नेलास तो विचारून तरी न्यायचा," ते म्हणाले.

लेकीने मान वर केली नाही. "दोन तास थांबा, बाबा. मग घेऊन जा."

ते थांबले. तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिले. अस्वलीण भुवया उंचावून तोंड वेंगाडत होती. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. लेकीने सगळं सांगितलं. शेवटी तिचा आवाज चढला. "तुमचीच चित्रं आहेत. एकेक रेघ तुमची आहे. तुमचाच चेहरा आहे, मग का नाही जमत?"

मास्तर खुर्चीत बसले. माझ्याकडे पाहिलं त्यांनी, नीट, डोळ्यांत.

"तो चेहरा माझा नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईचा आहे."

मग त्यांनी ती दुपार सांगितली. थांबत, अडखळत, पण काही न लपवता. लेकीचे हात मांडीवर पडून राहिले. भिंतीवर दीड वाजला होता आणि मला वाटत होतं, आता ही उठून निघून जाणार. ती हलली नाही. तिने एवढंच विचारलं, की आईने नेमकं केलं काय होतं.

"हसली नव्हती. भुवया मी घातल्या, कागदावर त्याशिवाय कळत नाही. ती काहीच करत नव्हती." मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "श्वास धरला होता तिने. तू माझ्यापर्यंत पोचेपर्यंत सोडला नाही."

लेक पडद्याकडे वळली. तिने भुवया काढून टाकल्या, तोंड मिटवलं. मग अस्वलिणीची छाती थांबवली, नाकपुड्या थांबवल्या. केसांसकट चित्र तयार करायला संगणकाला तासन् तास लागतात, तेवढा वेळच नव्हता, त्यामुळे पडद्यावर एक राखाडी, बिनकेसांची, मातीच्या खेळण्यासारखी अस्वलीण उभी होती. मास्तर मागून सांगत होते, अजून धर, अजून, आता पुलापलीकडे पोचली, आता सोड. तीनला चार मिनिटं कमी असताना ती तसंच दिग्दर्शकाकडे घेऊन धावली.

आम्ही दोघं मागे उरलो. मास्तर टोपी फिरवत बसले. मी छताकडे बघत होतो, कारण जाताना तिच्या हाताचा धक्का लागून मी उताणा पडलो होतो. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजायची आणि दुसऱ्याच कुणाची तरी निघायची. वीस मिनिटं आमच्या दोघांच्याही जिवात जीव नव्हता.

ती आली. मला उचलून उभं केलं.

"ठेवलाय चेहरा," ती म्हणाली. "सरांनी चार वेळा बघितलं फक्त."

मास्तरांनी मान हलवली. ती त्यांच्या शेजारी बसली. ती रागावलेली होती, मला स्पष्ट दिसत होतं, आणि तिने तो राग लपवला नाही.

"बाबा, तुम्ही वळायला हवं होतं."

"हो," मास्तर म्हणाले.

ती त्यांच्याजवळ बसून राहिली.

आता मी तिच्या टेबलावरच असतो. मास्तरांनी दाढीसाठी नवा आरसा घेतला. इथली बाकीची मंडळी फोनसमोर तोंडं करतात, त्यामुळे मला फारसं काम नाही. कुणीतरी माझ्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावून ठेवतं. माझी तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे, आणि ती करायचा हक्क माझ्याइतका कुणाला नसेल. तुमचं माणूस दारात उभं असेल तर ते माझ्यात बघू नका. मी सगळं दाखवतो, पण मला कुणाला थांबवता येत नाही.