तात्यांच्या दंडावर न उठलेली लस

मित्रांनो, सरकारी दप्तरात ज्याच्या नावापुढे 'निकामी' असा शेरा पडला, तो मी एक जुना थर्मास आहे. रुंद तोंडाचा, निळ्या पत्र्याचा, बुडाशी पोचा आलेला. माझ्या पोटात काचेची दोन भांडी एकात एक बसवली आहेत आणि त्यांच्या मधे काहीच नाही. त्या काहीच नसण्यामुळे आतला बर्फ टिकतो, असे मला घडवणारे कारागीर म्हणत. मला ते तेव्हाही कळले नाही. न कळता काम करायची सवय मला जन्मापासूनची.

माझी उमेदीची वर्षे जगदेवी सिस्टरांच्या खांद्यावर गेली. तामलवाडीच्या आसपासच्या गावांत त्या लहान मुलांना क्षयाची लस टोचत. कुप्या माझ्यात, बर्फावर असायच्या. मला नुसते पाहूनच पोरे भोकाड पसरत. महिन्याभराने आया पोराचा दंड उघडा करून दाखवायला आणत. टोचल्या जागी फोड आला असेल तर "लस उठली" म्हणून खूश, नसेल आला तर सिस्टरांना धारेवर धरत. पुढे सरकारने नव्या पेट्या दिल्या आणि मी फळीवर गेलो. माझ्यात कोणी सुतळी ठेवली, कोणी शेंगदाणे. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मग सत्याऐंशीचा उन्हाळा आला. पाऊस नव्हता, गावची जनावरे छावणीत होती आणि दूध सोसायटीचे सचिव श्रीपती तात्या रिकाम्या कॅनकडे बघत बसायचे. अशात त्यांच्या लघवीतून रक्त गेले. दुखले काहीच नाही. उन्हाळी लागली असेल म्हणून ते महिनाभर धन्याचे पाणी पीत राहिले. शेवटी तुळजापूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून लघवीच्या पिशवीतली गाठ खरवडून काढली. कर्करोग निघाला, पण वरवरचा, मुळे खोल न गेलेला. तो परतू नये म्हणून सहा गुरुवार औषध घ्यायचे ठरले. परतला आणि खोल गेला, तर पिशवीच काढून लघवीची वाट पोटावर काढावी लागली असती. तात्यांना मरणापेक्षा त्याचीच धास्ती बसली.

औषध सोलापुरातून बर्फावर आणायचे होते. सिस्टरांनी मला उतरवले, घासले आणि तात्यांच्या हाती दिले. सोलापूरच्या दुकानात माझे बूच उघडले, आत कुप्या आल्या आणि मी गोंधळूनच गेलो. ही तर तीच क्षयाची लस! तुळजापूरच्या दवाखान्यात मी बाळ कुठे दिसते का बघत होतो. समोर मिशीवाले तात्या झोपलेले. पोरांना जिथे थेंब, तिथे यांना कुप्याच्या कुप्या, त्याही नळीवाटे थेट पिशवीत. दोन तास लघवी रोखायची आणि दर पाव तासाने कूस बदलायची, उताणे, पालथे, डावे, उजवे. चांगुणाबाई, त्यांची बायको, शेजारी बसून तव्यावरच्या भाकरीसारखे त्यांना उलटत होत्या.

घरी गेल्यावर तात्यांना ताप भरला, लघवीला आग होऊ लागली. हे होईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. भरपूर पाणी प्यायला सांगितले होते. टँकरच्या पाण्यातून चांगुणाबाईंनी एक घागर फक्त त्यांच्यासाठी राखली आणि स्वतः तोंडाला कोरड पडेपर्यंत थांबल्या. पण गावाचे लक्ष दुसरीकडेच होते. शेजारच्या पुतळाबाईंनी येऊन तात्यांची बाही वर केली. दंड कोरा. लस कुठूनही घाला, उठायची ती दंडावरच, असे त्यांनी छातीठोक सांगितले. दुसऱ्या गुरुवारनंतरही दंड कोरा, तिसऱ्यानंतरही कोराच, आणि ताप मात्र वाढता. वर कोणी कुजबुजले की डॉक्टर म्हाताऱ्याच्या अंगात क्षय सोडतोय.

चौथ्या गुरुवारी तात्या एसटीत बसलेच नाहीत. शनिवारी त्यांनी मला सिस्टरांच्या ओट्यावर ठेवले.

"उठतच न्हाय, तर हाल कशापायी करून घेऊ?" ते म्हणाले.

मला वाटले, आता सिस्टर समजावतील. पण त्यांनीही तात्यांचा दंड निरखून पाहिला. मग म्हणाल्या, "तात्या, मलाबी कळंना बघा. तुम्ही चला माझ्यासंगं, इचारू."

मित्रांनो, हजारो दंड टोचलेल्या बाईने हे कबूल केले. मला तिचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

तुळजापूरला डॉक्टरांनी दोघांना खुर्च्या दिल्या, मी तात्यांच्या मांडीवर. सिस्टरांनी दंडाचे सारे सांगितले. डॉक्टर हसले नाहीत. दंडाच्या जागी पिशवीत लस घातली आहे, तेव्हा आग, ताप, सूज सारे तिथेच होणार, असे ते म्हणाले. शरीर जागे होऊन लसीवर धावून जाते आणि त्या धावण्यात उरलेल्या रोगालाही गाठते. आग फार वाढली तर मात्र अंगावर न काढता लगेच यायचे.

"पण क्षयाच्या लशीनं कॅन्सर कसा जातो?" तात्यांनी विचारले.

"पुरतं मलाही सांगता येणार नाही, तात्या. जगात अजून शोधतायत. पुष्कळांचा आजार परतत नाही, एवढं दिसलंय. तुमचा परतणार नाहीच, असं वचन मी देत नाही."

तात्या माझ्या बुचावर हात ठेवून बसून राहिले. मग उठले आणि पुढच्या गुरुवारची बर्फाची सोय विचारू लागले. राहिलेले तिन्ही गुरुवार त्यांनी पुरे केले.

पावसाळ्यानंतर पुन्हा दुर्बिणीने तपासायचे ठरले. त्या दिवशी मला न्यायचे काही काम नव्हते, पण तात्यांनी नेले. दाराबाहेर चांगुणाबाई पदराचे टोक चावत उभ्या होत्या. तात्या भिंत धरत बाहेर आले.

"काय म्हणले?"

"आज कायबी न्हाय म्हणले. तीन महिन्यांनी पुन्हा बघत्याल."

"म्हंजे बरं झालं का न्हाय?"

"ते त्यांनाबी ठावं न्हाय. आज न्हाय, एवढं खरं." आणि तात्या तिथेच बाकावर बसून लहान पोरासारखे रडले. चांगुणाबाईही रडल्या, पण हसत.

मित्रांनो, मी आता फळीवर आहे आणि माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. म्हणून कळकळीने सांगतो, औषध कळले नाही म्हणून अर्ध्यावर सोडू नका. उठा आणि विचारा. समोरच्यालाही पुरते ठाऊक नसेल, तर ज्याला आणखी ठाऊक आहे त्याच्याकडे दोघे मिळून जा. सिस्टर सोबत नसत्या, तर तात्या एकटे काही डॉक्टरांना विचारायला गेले नसते.