राखलेला दम

कमरेवर हात ठेवून रत्नाने काळ्या चटईवर उडी मारली, आणि चटईला जोडलेल्या यंत्रावर उडीच्या उंचीचा आकडा उमटला. साठ सेकंद न थांबता उड्या मारायच्या होत्या. पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात वेल्ह्यातून एकच मुलगी जाणार होती.

मैदानाच्या कडेला तिचा बाप हैबती काठीवर हनुवटी टेकून उभा होता. आधीच्या पोरी निम्म्या वेळातच ढेपाळल्या होत्या. रत्ना मात्र एका लयीत उडत राहिली, शेवटी शेवटी तर आणखी उंच गेली. थांबली तेव्हा तिला धापसुद्धा लागली नव्हती. हैबतीने ऐटीत पटका सारखा केला.

चाचणी घेणाऱ्या स्वरूप सरांनी यंत्र दोनदा तपासलं. मग ते हैबतीकडे आले. प्रत्येक उडी जीव तोडून मारली तरच पाय किती थकले ते मोजता येतं, म्हणाले. हिच्या शेवटच्या उड्या पहिल्यांपेक्षा उंच. म्हणजे हिने अंग राखलं. ही मोजणी धरता येणार नाही. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा, तेवढंच.

चूक कुणाची ते हैबतीला कळलं. त्यांच्या पासली गावाच्या वरच्या वाडीला मेंढरांमागे चढताना त्यानेच तिला शिकवलं होतं, की पायथ्यालाच दम उधळला तर माथ्यावर थकलेलं कोकरू कोण उचलणार? सहा वर्षांची असल्यापासून ती तशीच चढत आली होती.

रत्ना शेजारी येऊन बसली. काठीने माती उकरत हैबती म्हणाला,

"ह्या डावाला राखू नगंस."

"आन् मदीच दम सरला तर?"

"सरू दे की. हितं कुठं कोकरू उचलायचंय?"

रत्ना त्याच्याकडे बघतच राहिली. "आबा, तुमी सांगताय व्हय हे?"

"व्हय. आता ऊठ, न्हाईतर माजा इचार बदलंल."

तिच्या पहिल्याच उडीला बाकीच्या पोरींची कुजबुज थांबली. तिसाव्या सेकंदाला तिचा चेहरा लालबुंद झाला. पंचेचाळिसाव्यानंतर पाय चटईवरून जेमतेम सुटत होते. घसरते आकडे पाहून हैबती काठी टेकत पुढे सरकला. शिट्टी वाजली तशी रत्ना मातीत बसली, मग आडवीच झाली आणि आभाळाकडे बघत हसायला लागली. इतकी थकलेली रत्ना त्याने आजवर पाहिली नव्हती.

"गेलं म्हणायचं का, सर?" हैबतीने विचारलं.

सरांनी नकारार्थी मान हलवली. आकडे उतरायचेच, म्हणाले. पण सुरुवातीच्या उड्या आज हिच्याइतक्या उंच कुणाच्याच नाहीत. थकवा सरावाने कमी करू. आणि त्यांनी रत्नाचं नाव लिहून घेतलं.

दोघं एसटी स्टँडकडे निघाली. रत्नाचे पाय लटपटत होते. वळणावर आली तर पासलीची गाडी हललेली दिसली. हैबतीने धोतर वर खोचलं आणि भर बाजारातून पळत सुटला.

गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडून विचारलं,

"कुठं जायचंय, मामा?"

हैबतीने तोंड उघडलं, पण धापेने शब्द फुटेना. मागून लंगडत येणाऱ्या रत्नाकडे बोट दाखवत, दांडी धरून तो नुसता हसत राहिला.