जांभूळ आणि तिवर

"मावशी, हा मध आहे की जळका गूळ?" गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं आणि चमचा परत देऊन ते निघून गेलं.

शेजारी मासळी घेऊन बसलेली बोनकोडे गावची शांती खुदकन हसली. वेणूबाईला ते झोंबलं. नवरा वाशीच्या मार्केटात हमाल, ती कोपरखैरण्याच्या बाजारात मध विकायची. भाऊ सयाजीने मेढ्याहून जांभळाच्या मधाचे डबे मोठ्या आशेने पाठवले होते. काळाभोर, घट्ट, जिभेवर कडवटपणा ठेवणारा तो मध नव्या सोसायट्यांतल्या लोकांना आवडेना. आज सयाजी डबे परत न्यायला येणार होता.

"हसतीस काय? तुझा मध तरी कुठं खपतोय?"

शांतीच्या पाटीमागे मधाच्या दहा-बारा बाटल्या होत्या. तिचा नवरा धर्मा खाडीतल्या तिवरांच्या झाडांवरून मध काढायचा. तो इतका फिका, की लोक म्हणत, साखरेचा पाक आहे.

"नाय खपत, म्हनून तं हसतंय. तुझा करू जहर, माझा पानचट!"

वेणूबाईलाही हसू फुटलं. तिने चहाच्या बशीत दोन्ही मध सारखे ओतून ढवळले. शांतीने हात धुऊन चाटून पाहिलं.

"तुझ्यानं माझा गिलून टाकला गो."

मग फिका वाढवला. अजून थोडा. शेवटी काळ्याची नुसती धार सोडली, तेव्हा दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. आधी फुलांचा गोडवा, मागून जांभळाची हलकी कडवट चव.

शांती मग मासळीच्या गिऱ्हाइकालाही सोडेना. "कोलंबी घेतलीस ना? आता ह्यो चाट!" दुपारपर्यंत बाटल्या उचलल्या जाऊ लागल्या.

वेणूबाई दोन्ही मध मिसळत होती, तेवढ्यात सयाजी आला. "आक्का, माझ्या मधात भेसळ करतीस?"

वेणूबाईचा चेहरा उतरला. पण ती मागे हटली नाही. "साखर घातली असती तर भेसळ. ह्योबी मधच हाय. दोन्हीची नावं सांगून इकतीया. आधी चाख, मग उचल डबे."

त्याने चाखलं. पुन्हा बोट फिरवून बशी साफ केली. मग शांतीला विचारलं, "वैनी, तिवरं कवा फुलत्यात?"

"उन्हाल्यात. पन आता भराव टाकतान, दरसाल तिवरांची झारं कमी."

सयाजीने फिक्या मधाची एक बाटली उजेडाला धरून पाहिली.

संध्याकाळी डबे बहिणीकडेच राहिले. एसटी हलली तेव्हा तो खिडकीशी बसला होता, शांतीने दिलेली फिक्या मधाची बाटली टॉवेलात गुंडाळून, मांडीवर उभी धरून.