दोन घरांचा एक फोन

आमच्या रीनाने अटच घातली होती. मुलाचं तोंड हलताना पाहीन, त्याच्याशी एकटी बोलीन, मग हो की नाही ते सांगीन. मुलगा मस्कतला, त्याचे आईबाप आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला आणि आम्ही फुलचूरला. फोटोत काय, सारेच साधेभोळे दिसतात. म्हणून कॉम्प्युटरवर बोलायचं ठरलं. शुक्रवारी, कारण त्याला तिकडे शुक्रवारी सुटी; रीनाने तिच्या नोकरीतून रजा काढली.

दुर्गेश पडद्यावर आला, "जयभीम" म्हणाला, आणि 'भी'वर तोंड उघडं ठेवून तसाच राहिला.

"दात बरे आहेत," रीना म्हणाली.

मग दातही गेले. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. इंटरनेटच्या डब्बीवरचा एक हिरवा दिवा विझायचा, लुकलुकायचा, पेटायचा. आणि मुलगा दिसला रे दिसला की परत विझायचा.

आमच्या ह्यांना उपाय सुचायला वेळ लागत नाही. त्यांनी डब्बीसमोर टेबलफॅन लावला. फ्रिज बंद केला. टीव्ही तर बंदच होता, त्याचा प्लगही काढला. मग डब्बी उचलून खिडकीत ठेवली आणि मला म्हणाले, "तू जरा तिकडे सरक."

"मी कायले? माझ्यात काय करंट आहे का?"

"सरक तर!"

मी सरकले. दिवा पेटला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू इतकी वर्षं घरात जे जे बिघडलं त्याचा उलगडा आता झाला. तेवढ्यात दिवा विझला.

"बाबा, त्याले वाटन, मीच फोन कापून राहिली," रीना म्हणाली. चेहरा हसरा होता, पण ओढणीचं टोक तिने बोटाला गुंडाळून गुंडाळून पार दोर केलं होतं. दुपारी त्याला मित्राचा कॉम्प्युटर परत द्यायचा होता आणि गोरेगावची माणसं संध्याकाळी उत्तर मागायला येणार होती.

मी टेलिफोन ऑफिसला तक्रार करायला फोन उचलला. कानाला लावते तर आत कुकरची शिट्टी. माझ्या गॅसवर तर कुकर नव्हता.

"कोण आहे?" मी विचारलं.

"मी नाही," आतून आवाज आला.

आवाज माझ्या जाऊबाईंचा, कुसुमबाईंचा. भावाभावांनी घराची वाटणी केली तेव्हा मध्ये भिंत घातली, पण टेलिफोनची लाइन एकच ठेवली. एक फोन आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. इकडे कोणी बोललं की तिकडे ऐकू येतं, आणि दोन्हीकडची माणसं ते ऐकतात. ह्यात चोरी आहे असं आमच्यात कोणी मानत नाही. इंटरनेट लावायला आलेल्या माणसाने आमच्या फोनला आणखी एक छोटी पांढरी डब्बी जोडली होती. ती नसेल तर फोन उचलला की इंटरनेट बंद पडेल, म्हणाला होता. भिंतीपलीकडच्या फोनचं आम्ही त्याला सांगितलंच नाही, म्हणून त्या फोनला ती डब्बी नव्हती. घरातलाच तर फोन, त्याला काय वेगळं सांगायचं?

"बाई, तुम्ही फोन कायले उचलून राहिल्या?"

"तिकडून पोराचा आवाज आला का उचलते, काय बोलते ते ऐकाले. नुसतं खरखर होते. इतक्या लांबून बोलते, मोठ्यानं बोल म्हणा त्याले."

"तो ह्या फोनवर नाही येत, बाई. कॉम्प्युटरवर येते."

पलीकडून आधी कुकर उतरवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "काऊन व अल्का, आपल्या घरच्या पोरीचं पाहणं, अन् मले भिंतीतून कळावं?"

मी लगेच "या," म्हटलं. "फोन ठेवून या."

बाई लुगडं बदलून, पावडर लावून आल्या. दिवा मात्र विझलेलाच.

"फोन ठेवला ना, बाई?"

"ठेवला कायले? तुझ्या जेठाच्या हातात देऊन आली. त्यायले नको का ऐकाले?"

मग ह्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे जेठांनाही, फोन ठेवून यायला सांगितलं. दिवा पेटला तो पेटलाच. दुर्गेश आला, 'भीम'पर्यंत पूर्ण बोलला, आणि रीनामागे आमची चार डोकी पाहून उभाच राहिला.

"बस रे बापू," बाई पडद्याला म्हणाल्या.

"पाह्यला ना सगळ्यायनं? आता बाहेर," रीना म्हणाली, आणि आतून कडी लावली.

आम्ही चौघं अंगणात बसलो. आतून काही ऐकू येईना. बाईंना ते फार जड गेलं.

बऱ्याच वेळाने कडी निघाली.

"मी विचारलं, लग्नानंतर मले तिकडे नेशील, का गोरेगावलेच ठेवशील?" रीना म्हणाली. "तो खाली पाहून गप्प बसला. मले वाटलं, नेट अटकलं. पण त्याच्या मागचा खिडकीचा पडदा पंख्यानं हलून राहिला होता. म्हटलं, हा स्वतःच अटकला."

"मग?" आम्ही चौघंही एकदम.

"मग म्हणे, अजून दोन वर्षं नाही नेता येत. माझ्या घरच्यायनं, मी तुमाले नेईन म्हणून सांगितलं असन, पण ते खरं नाही."

ह्यांचा चेहरा पडला. "म्हणजे नाही म्हणायचं?"

"नाही कायले? सांगताना घाम फुटला त्याले, पण खोटं नाही बोलला." रीनाने ओढणी झटकली. "गोरेगाववाल्यायले सांगा, पुढच्या शुक्रवारी आणखी बोलीन. दोन वर्षं मी माझी नोकरी करून इथंच राहीन, हे त्याले चालते का, तेही तोंड पाहूनच विचारीन."