शेवटचं रीळ

मित्रांनो, सिनेमागृहात शिरताना काचेपलीकडे काळं, बोजड धूड दिसतं ना, तो मी. मी एक जुना प्रोजेक्टर आहे. आता मला हात लावायला मनाई आहे, आणि खरं सांगू, त्याचंच मला वाईट वाटतं.

कारखान्यात मला घडवलं, डोळ्याच्या जागी भिंग बसवलं आणि जिन्यावरून धापा टाकत वरच्या खोलीत आणलं. तिथला ऑपरेटर माझा जिवलग झाला. मऊ फडक्याने भिंग पुसायचा, थेंब थेंब तेल घालायचा. लोक पडद्याकडे बघून टाळ्या पिटायचे. त्यातल्या निम्म्या माझ्या, असं मी खुशाल धरून चालायचो.

त्याची बायको खाली तिकीट खिडकीवर बसायची. त्यांची मुलं, दादा आणि धाकटी ठमी, शाळा सुटली की माझ्याच खोलीत खेळायची. पण त्या वर्षी नवराबायकोत विस्तव जात नव्हता. निरोप मुलांमार्फत जायचे. "बाबांना सांग, डबा पाठवलाय." "आईला सांग, भूक नाही." पोरं जिने चढून-उतरून दमायची. शेवटी ठरलं की आई ठमीला घेऊन माहेरी जाणार आणि दादा बाबांजवळ राहणार. ते ऐकून माझ्या दातांत फिल्मच अडकली. ऑपरेटर माझ्यावर चिडला. मीही त्याच्यावर चिडलो होतो.

तेव्हा आमच्याकडे एक रहस्यपट लागला होता. त्यात भांडकुदळ जोडप्याची मुलं नाहीशी होतात, दोघं त्यांना शोधता शोधता एकत्र येतात आणि शेवटच्या रिळात मुलं सापडतात. आमच्या पोरांना तो तोंडपाठ होता.

निघायच्या दिवशी दुपारचा खेळ चालू होता. आईला वाटलं, मुलं वर आहेत. बाबांना वाटलं, खाली आहेत. एकमेकांना विचारणार कोण? मध्यंतरात आई ठमीला न्यायला वर आली आणि दोघांच्याही पायाखालची जमीन सरकली. गच्ची झाली, रस्ता झाला, शेजारची दुकानं झाली. मुलं कुठेच नव्हती. प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले.

आई पुन्हा वर आली ती धापा टाकतच. "अहो, काल दादा मला विचारत होता, सिनेमात होतं तसं खरंच होतं का? ती इथेच लपलीत. शेवट झाल्याशिवाय बाहेर यायची नाहीत. सिनेमा सुरू करा!"

"आणि नाही आली तर?"

"आपला दरवान बाहेर शोधतोय. मी खाली दारात थांबते. तुम्ही वरून नजर ठेवा."

किती दिवसांनी ती दोघं थेट बोलत होती! रीळ तिने धरलं, त्याने ते माझ्यावर चढवलं. एवढा लांबलचक सिनेमा मी जन्मात चालवला नव्हता. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटचं रीळ आलं. पडद्यावरची मुलं सापडली, आणि पडद्याच्या कडेने धुळीने माखलेली आमची दोघं बाहेर आली. पडद्यामागे चित्र उलटं दिसतं, पण शेवट तोच असतो.

ऑपरेटर मला तसाच चालू टाकून धावला. एरवी मी हे खपवून घेतलं नसतं. आईने ठमीला उचललं, तरी दादा बहिणीचा हात सोडेना.

"तुम्ही भांडा हवं तर," तो रडत म्हणाला, "पण आम्हाला वाटून घेऊ नका."

आई त्याला जवळ घेत खाली बसली. बाबा तिच्याशेजारी बसले. ते तिला म्हणाले, "घरी चल. भांडण तिथेच पुरं करू, पण चौघं मिळून राहू." ती रडता रडता हसली.

मित्रांनो, मला तेल घालणारा हात आता नाही, म्हणून मी मुका झालो. पण तुमच्या घरात कोणी मुकं झालं, तर त्या पोरांसारखे लपू नका बरं. आईबाबांच्या मधोमध जाऊन बसा आणि म्हणा, "आमच्यामार्फत नको, एकमेकांशी बोला."